ज्याची लोकर त्याला

दाफिना भित्री. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मैत्रीण म्हणून मी तिला उगाच वाघीण करून दाखवली, असं कुणी म्हणायला नको. ती कुत्र्याला भ्यायची, नगरपालिकेच्या शिक्क्याला भ्यायची, दारावर कुणी जरा जोरात थाप मारली की सुई स्वतःच्याच बोटात खुपसून घ्यायची. लोकरीला तेवढी भीत नव्हती. लोकरीपुढे बसली की हीच बाई अशी ताठ व्हायची की बघत राहावं.

आमची कारागिरांची गल्ली. तिचं रजयांचं दुकान, त्याला लागून माझं गुंड्या-दोऱ्यांचं. मधली भिंत इतकी पातळ, की पिंजताना लोकरीचा धुरळा नाकात जाऊन ती शिंकली की मी इकडून ओरडायचे, "तब्येत राहो!" आणि ती तिकडून म्हणायची, "तुझीही राहो, स्तामेना!" दिवसभरात आमचं एवढं बोलणं झालं की दोघींना पुरायचं.

लोक घरची जुनी रजई घेऊन यायचे. ती उसवायची, आतली लोकर धुवायची, वाळवायची, पिंजायची आणि नव्या साटिनात भरून वरून टाके घालायची. नवरा होता तोवर पिंजायचं काम ल्यूबेनचं. तो गेल्यावर दोन्ही कामं तिच्याच अंगावर आली. एका वेळी एकाच घराची लोकर. दुसऱ्या घराचं पोतं उघडायच्या आधी पिंजायच्या यंत्राचा दात न् दात झाडून साफ. आधी गिऱ्हाइकासमोर वजन, नंतर गिऱ्हाइकासमोर वजन. मी चिडवायचे, "अगं बाई, मेंढीला तरी आठवतं का ती कुणाची होती ते?" ती म्हणायची, "मेंढीला नसेल आठवत. जी बाई त्या रजईखाली चार बाळंतपणं झोपली, तिला आठवतं."

आता पिशवीतून घरी नेता येतात अशा हलक्या रजया मिळतात, फुग्यासारख्या. लोकरीची रजई उसवून घ्यायला येणार कोण? हळूहळू दुकान ओस पडलं. आणि त्या वसंतात नगरपालिकेचा वेलिझारोव्ह आला, दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "दाफिनाबाई, हे दुकान मेलंय. ऑक्टोबरच्या शेवटी संत दिमितारच्या सणाला करार संपतो. तोवर इथे माणसांची ये-जा दिसली तर ठीक, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल." दुसरा कोण ते सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. टोकाला जुगाराच्या यंत्रांचं दुकान आहे, त्यांना जागा कमी पडते.

दाफिना माझ्याकडे आली ती पांढरीफटक. म्हणाली, "स्तामेना, दुकान गेलं तर मी कुठे बसू?"

"म्हणजे काय? घरी बस."

"घरी काय आहे? घरी घड्याळ आहे." एवढं बोलून ती रडायलाच लागली. मुलगी इस्क्रा स्पेनमध्ये, वालेन्सियाला, ती रोज म्हणायची, आई, ये माझ्याकडे. पण तिथे सहाव्या मजल्यावर बसून ही करणार काय? तिथे कुणाला थंडीच वाजत नाही.

तर इस्क्रानं तिकडून सांगितलं, "आई, आजकाल जाहिरात शिकावी लागते. फोनवर नाहीस म्हणजे तू कुठेच नाहीस. मी तुला फोनवर बघायचे काही धडे पाठवते." पोरीचं मन चांगलं. तिनं पाठवला एक. त्या एकातून निघाले दहा. दहातून किती, देवालाच माहीत. वाचनालयात एक फुकट वर्गही झाला, राजधानीहून, सोफियाहून, पांढऱ्या बुटांतला एक तरुण आला होता. तो म्हणाला, गिऱ्हाइकाला नरसाळ्यात घालायचं. दाफिनानं घरी येऊन मला विचारलं, "गिऱ्हाइकाला नरसाळ्यात कसं घालायचं गं? आणि खालून काय धरायचं?" मी म्हटलं, बाटली. ती हसली नाही. तिला खरंच भीती वाटत होती की ही एक गोष्ट आपल्याला कळली नाही आणि नेमकी तीच महत्त्वाची आहे.

एक म्हणायचा, चेहरा दाखवा. दुसरा म्हणायचा, चेहरा दाखवू नका, हात दाखवा. कुणी सांगे रोज काहीतरी टाका, कुणी सांगे आठवड्यातून एकदाच, नाहीतर लोक विटतात. भाव कमी करा. भाव मुळीच कमी करू नका, वाढवा. तरुणांना धरा. तरुणांचा नाद सोडा. एका बाईनं सांगितलं, बोलताना होकारार्थी मान हलवत राहा, बघणाऱ्याचा विश्वास बसतो. आणि परदेशी लोकही बघतात, तेव्हा त्यांच्यासारखी हलवा, वरून खाली. आम्ही 'हो' म्हणताना मान आडवी हलवतो, उभी हलवली तर ते 'नाही' होतं. दाफिना आठवडाभर आरशापुढे उलटी मान हलवायला शिकली. मग दूधवालीनं दारात विचारलं, "दूध हवंय ना?" हिनं हलवली वरून खाली. दूधवाली गेली निघून. चार दिवस बाई बिनदुधाची, आणि वर मला विचारते, "माझं काही चुकलं का गं तिच्याशी?"

मी पोट धरून हसले. पण ती पत्रं आली तेव्हा माझंही हसू मावळलं.

त्या वर्गांना नाव दिलं की रोज फोनवर पत्र येतं. 'दाफिना, आज शेवटची संधी.' 'दाफिना, तुम्ही अजून गप्प का?' 'तुम्ही झोपला आहात, तुमचे स्पर्धक जागे आहेत.' तिला वाटायचं कुणीतरी खरंच बसून तिला लिहितोय. ती उत्तरं द्यायची! एकदा मी तिच्या खांद्यावरून वाचलं: 'साहेब, रागावू नका. काल माझं डोकं फार दुखत होतं म्हणून तुमचा धडा बघता आला नाही. आज नक्की बघते. दाफिना, रजईवाली.'

"अगं ए वेडे!" मी ओरडले. "ते यंत्र आहे! त्याच्यामागे कुणी नाही!"

"नाव कसं माहीत मग माझं?"

"तूच दिलंयस ना!"

तिनं फोन पालथा ठेवला. मग हळूच म्हणाली, "तरी पण. विचारतोय तर उत्तर द्यायला नको?"

उन्हाळा असा गेला. सुई धरली की फोन वाजायचा, फोन धरला की सुई आठवायची. एक ना धड भाराभर चिंध्या, म्हणतात तसं. एकाच रजईवर तिनं तीन वेळा टाके घातले आणि तीन वेळा उसवले, कारण कुणीतरी म्हणालं होतं की जुनी नक्षी आता चालत नाही. चाळीस वर्षांत तिचा टाका वाकडा गेलेला मी पाहिला नव्हता. तो त्या उन्हाळ्यात पाहिला. दुकानाची नाही, मला तिची भीती वाटायला लागली.

मी म्हटलं, "दाफिना, ऐकावं जनाचं, करावं मनाचं. एक काहीतरी ठरव आणि बाकीचं चुलीत घाल."

"कुठलं एक?" ती म्हणाली. डोळे असे मोठे झालेले. "तेच तर कुणी सांगत नाही. मी जे टाकीन, नेमकं तेच खरं निघालं तर?"

सप्टेंबर सरता सरता माझी बहीण जिन्यावरून पडली आणि मला तिच्या गावी जावं लागलं. दाफिना बसथांब्यापर्यंत सोडायला आली. बस यायला वेळ होता. थांब्यावर माणूस काय करणार? मेलेल्यांचे कागद वाचत बसणार. आमच्या कामेन ब्रोदमध्ये माणूस गेलं की त्याचा कागद लागतो: फोटो, भोवती काळी चौकट, खाली दोन सालं. दारावर, थांब्यावर, बेकरीशेजारच्या फळ्यावर. चाळीसाव्या दिवशी पुन्हा लागतो, वर मोठा आकडा घालून, मग सहा महिन्यांनी, मग वर्षानं. लावलेला कागद कुणी फाडत नाही, पाप लागतं. ऊन-पाऊस काय करेल ते करेल. आम्ही पिशव्या खाली ठेवून ते वाचत उभ्या होतो.

"इथे सगळेच थांबून वाचतात, नाही गं?" दाफिना म्हणाली.

"वाचणारच. आपण अजून लागलो नाही ना, ते बघतात," मी म्हटलं. तेवढ्यात बस आली.

बहिणीकडून मी रोज तिला फोन लावायचे. एक दिवस म्हणाली, "स्तामेना, मी ठरवलंय. सगळ्यांचं थोडं थोडं ऐकलंय. कुणाला राग यायला नको." काय ठरवलंस विचारलं तर सांगेना. "तू ओरडशील." दुसऱ्या दिवशी फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी बहिणीच्या मिरच्या भाजत होते, लाल मिरच्यांची चटणी भरायचे दिवस ते, आणि एकेक मिरची सोलताना मनात नको नको ते यायचं. एकटी बाई. न खाणारी, न झोपणारी. शेवटी मी बहिणीला म्हटलं, तुझा पाय तू सांभाळ, मी चालले.

सकाळच्या बसनं आले. बस वळली, थांब्याचा फळा दिसला, आणि त्याच्यावर दाफिना.

काळी चौकट. मधे तिचा फोटो, ओळखपत्रावरचा, ओठ घट्ट मिटलेले. वर मोठा आकडा, चाळीस. खाली दोन सालं, मधे आडवी रेघ. आणि त्याखाली तीन शब्द: 'आता शांत झोपा.'

मी सीटला चिकटूनच बसले. ड्रायव्हर म्हणाला, "उतरताय ना आजी?" कशी उतरले आठवत नाही. चाळीस! म्हणजे चाळीस दिवस झाले? अहो, तीन आठवड्यांपूर्वी हिनं मला बसमध्ये बसवलं! डोकं काही चालेना. मी मोठ्यानं म्हणत होते, "असं कसं, असं कसं," आणि धावत होते. या वयात मी धावते हे बघून कुत्रीसुद्धा बाजूला झाली. वाटेत प्रत्येक खांबावर तीच. बेकरीवर तीच. लिंडनच्या झाडावर तीच.

गल्लीत शिरले तर तिच्या दारासमोर माणसं. बायका काळे रुमाल बांधून. हातात फुलं, दोन-दोन, चार-चार, मेलेल्याला देतात तशी सम. बेकरीवाली बोन्का मेलेल्याच्या नावानं वाटतात ते साखर पेरलेले उकडलेले गहू घेऊन आली होती. उंबऱ्यावर मेणबत्त्या. दार आतून बंद, पडदा ओढलेला.

"कधी गेली?" मी विचारलं.

"चाळीस झाले म्हणे," बोन्का म्हणाली.

"तिला शेवटचं पाहिलं कुणी?"

बोन्का म्हणाली, मी नाही. तिच्या शेजारची म्हणाली, मी ईस्टरला. म्हातारा ग्रोझदान टोपी चुरगाळत म्हणाला, "आमची रजई द्यायची राहिलीच. आईची. कपाटात पडलीय. म्हटलं, देऊ कधीतरी, दाफिना कुठे पळून जातेय." सगळे खाली बघायला लागले. अहो, बाई चाळीस दिवस मेलेली आहे यावर अख्ख्या गावाचा विश्वास बसला, कारण चाळीस दिवसांत तिच्या दारात कुणी फिरकलंच नव्हतं! मला अशी चीड आली, आणि चीड आल्यामुळे रडू आलं.

मग सुरू झाली स्तुती. मेल्या म्हशीला मणभर दूध, म्हणतात ते खोटं नाही. पण ऐकता ऐकता मला वेगळंच जाणवलं. प्रत्येक जण एकच गोष्ट बोलत होता. बोन्का म्हणाली, "आमच्या सासूची लोकर होती, आम्हाला तीच परत मिळाली. मोठ्या गावात दिली असती तर भेसळ करून दिली असती." ग्रोझदान म्हणाला, "ज्याची लोकर त्याला." मागून कुणी म्हणालं, "हो, ज्याची लोकर त्याला. बाकी काही म्हणा."

एवढ्यात वेलिझारोव्ह आला. बरोबर जुगारवाल्याचा माणूस, हातात मोजायची फीत. त्यानंही कागद वाचला होता. टोपी काढली, छातीवर क्रुसाची खूण केली, चांगली रीत आहे. मग घसा खाकरून म्हणाला, "देव तिला क्षमा करो. म्हणजे आता सणापर्यंत थांबायची गरज नाही. जागा मोकळीच झाली." आणि तो दुसरा माणूस सगळ्यांदेखत खिडकीची रुंदी मोजायला लागला.

आणि आत कुणीतरी शिंकलं.

"तब्येत राहो!" मी म्हणाले. इतक्या वर्षांची सवय, तोंडातून निघूनच गेलं.

आतून अगदी बारीक आवाज आला, "तुझीही राहो, स्तामेना."

एक किंकाळी, आणि बोन्काच्या हातातलं ताट खाली. सगळे गहू उंबऱ्यावर. बायका क्रूस करत मागे हटल्या, फीतवाला फीत टाकून पार पलीकडच्या भिंतीला टेकला. मीही भ्यालेच होते, खोटं कशाला बोलू. पण मी दार बडवलं. "दाफिना! जिवंत असशील तर उघड! आणि मेली असशील तरी उघड!"

कडी निघाली. दाफिना दारात. केसांत लोकर, अंगावर कालचेच कपडे. सकाळी पडद्याच्या फटीतून तिला काळ्या कपड्यांतली माणसं जमताना दिसली, मग वेलिझारोव्ह दिसला. तिला वाटलं दुकान काढून घ्यायला आले. ती रजयांच्या ढिगाखाली जाऊन लपली होती.

ग्रोझदाननं काही न सुचून हातातली फुलं तिच्या पुढे केली. तिनं घेतली. पाहिली. दोन. तिनं माझ्याकडे पाहिलं, मेणबत्त्यांकडे, गव्हाकडे, आणि तिच्या तोंडावरचं रक्त उतरत गेलं ते मला अजून दिसतं.

"कोण गेलं?" तिनं विचारलं.

"तू," मी म्हटलं.

नंतर तिनं सांगितलं ते असं. मी ओरडेन या भीतीनं तिनं फोन उचलला नव्हता. एकानं म्हटलं होतं चेहरा दाखवा, म्हणून फोटो. एकानं म्हटलं होतं साधं ठेवा, काळं-पांढरं, भोवती चौकट, म्हणून चौकट; छापखान्यातल्या मुलीनं तयार नमुने पुढे केले, हिनं पहिल्यावरच बोट ठेवलं. एकानं म्हटलं होतं आकड्यानं विश्वास बसतो, म्हणून दुकानाची चाळीस वर्षं, आणि सालं, तेव्हाचं आणि आताचं. रजईवाली म्हणून 'शांत झोपा'. आणि कुणीतरी म्हटलं होतं, लोकांची नजर आधीच जिथे जाते, तिथे लावा. जन्मभर ज्या गावात हे कागद वाचले, त्या गावातल्या बाईला आपण काय लावतोय ते दिसलं नाही. इतक्या लोकांच्या डोळ्यांनी बघत होती ना, स्वतःचे उरलेच नव्हते.

पण तेव्हा दारात कुणी हसलं नाही. वेलिझारोव्हनं स्वतःला सावरलं आणि म्हणाला, "बाई जिवंत आहे, आनंद आहे. पण प्रश्न बाईचा नव्हता. प्रश्न दुकानाचा आहे. दुकान जिवंत आहे का?"

त्याचं काय चुकलं? दाफिना त्याच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ती म्हणेल, घ्या जागा. तिच्या ओठांवर आलंच होतं ते.

ग्रोझदान वळला आणि निघून गेला. मी मनात त्याला शिव्या घातल्या. थोड्या वेळानं गल्लीच्या तोंडाशी पुन्हा दिसला, पाठीवर चादरीत बांधलेलं गाठोडं. वेलिझारोव्हच्या अंगावरूनच आत गेला आणि गाठोडं काट्यावर आपटलं. "कर वजन," म्हणाला. "आईची आहे. तू पुन्हा मरायच्या आत करून दे."

बोन्का गहू तसेच टाकून घरी धावली. मग दुसरी. दुपारपर्यंत दाफिनाच्या दुकानात उभं राहायला जागा नव्हती, आणि कुठल्या तरी कपाटात वर्षानुवर्षं दडलेल्या कापराचा वास गल्लीभर. वेलिझारोव्ह सणाला पुन्हा आला तेव्हा त्याला आत शिरताच आलं नाही. करार वाढवला. माणूस वाईट नव्हता. स्वतःच्या आजीची रजईही घेऊन आला, मात्र अंधार पडल्यावर, कुणी बघू नये म्हणून.

त्या पहिल्या दुपारी सगळे गेल्यावर दाफिना गाठोड्यांच्या मधे बसली. "मी कागदावर होते तेव्हा लोक काय बोलत होते?" तिनं विचारलं.

"एकच. ज्याची लोकर त्याला."

"आणि?"

"आणि काय? एवढंच."

"पण ते तर मी कुणाला सांगितलंच नाही कधी," ती म्हणाली. "त्यात सांगण्यासारखं काय आहे? सगळेच करतात."

"कुणी करत नाही, बाई!" मी ओरडले. "या अख्ख्या जगात तू एकटी मूर्ख ते करतेस!"

मग तिनं फोन काढला आणि लिहिलं, 'साहेब, माझी वाट बघू नका. मी गेले. आमच्या गावात कागद लागला आहे.' लगेच उत्तर आलं: 'दाफिना, ही शेवटची संधी!' तेव्हा मात्र ती हसली. उन्हाळ्यापासून पहिल्यांदाच. आणि तिनं इस्क्राला सांगून ती सगळी पत्रं बंद करून टाकली. दारावर पाटी लावली, चार शब्दही नाहीत: ज्याची लोकर त्याला. फोनवरही तेवढंच. कुणी नवा उपाय सांगायला आलं की म्हणायची, "नको बाई, मी एकदा मेलेय त्यानं."

खांबांवरचे कागद तिनं काढले नाहीत. काढणार कोण? ती स्वतःच काढेना. म्हणाली, "कागद फाडत नाहीत गं." सगळा हिवाळा ती रोज स्वतःच्या मरणावरून चालत कामाला आली आणि प्रत्येक वेळी क्रूस केला.

भीती गेली का? छे. एकदा मी तिला विचारलं तर म्हणाली, "पूर्वी शंभर गोष्टींची भीती होती, आता एकाच गोष्टीची आहे. कुणाची लोकर कुणाला जायला नको. एवढी एक मला पेलते."

त्यानंतर चार हिवाळे तिनं काम केलं. पाचव्याच्या तोंडावर एका सकाळी भिंतीपलीकडून पिंजायचा आवाज येत होता. मग थांबला. मी शिंकेची वाट बघत बसले. हातात गुंड्यांचा डबा तसाच. शिंक आली नाही. मी उठले नाही लगेच. मला उठवेना.

कागदाचा मजकूर माझ्यावर आला. इस्क्रा स्पेनहून रडत म्हणाली, कविता घाला. पाद्री म्हणाला, स्तोत्रातली ओळ घाला. छापखान्यातल्या मुलीनं तयार मजकुरांचा गठ्ठाच पुढे ठेवला. जो तो सांगत होता आणि माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. शेवटी मी म्हटलं, फोटो तोच घाला. चौकट तीच. आणि खाली लिहा, ज्याची लोकर त्याला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या बंद दारासमोर वरच्या गावातली एक बाई उभी होती, काखेत गाठोडं. मला बघून म्हणाली, "थांब्यावर पुन्हा जाहिरात लागलेली बघितली. बरं झालं लावली, माझ्या मनातून गेलंच होतं. कधी येणार हो दाफिनाबाई?"

बाई बिचारी थंडीत पाय आपटत उभी होती. किल्ली माझ्याकडेच होती. मी दार उघडलं, तिचं गाठोडं घेतलं, काट्यावर ठेवलं आणि म्हटलं, "वजन नीट बघून घ्या." पिंजायच्या यंत्रात दाफिनाच्या शेवटच्या गिऱ्हाइकाची लोकर अडकलेली होती. मी ब्रश घेतला आणि एकेक दात झाडायला लागले. मला त्यातलं काही येत नाही, मी गुंड्या विकते. पण एखादा तंतू कुठे राहून गेला तर, या भीतीनं मी पुन्हा पहिल्या दातापासून झाडायला सुरुवात केली.